पदवीधरांचा मधला काळ

पदवी मिळाली की नोकरी, हे समीकरण आपण इतके गृहीत धरले आहे की त्याचे वय कोणी विचारीत नाही. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले 1857 साली. पहिले पदवीधर बाहेर पडले 1862 साली. त्यांत रानडे होते, भांडारकर होते. पदवीधर मोजके आणि सरकारी जागा पुष्कळ, अशा त्या टंचाईच्या काळात हे समीकरण जुळले. टंचाई सरली, समीकरण राहिले.

येथे कोणी विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा दाखला देतात. सरकारी नोकरी सोडून त्यांनी 1880 साली टिळकांसह पुण्यात शाळा काढली, हे खरे. परंतु सोडण्यासाठी ती नोकरी हाताशी होती!

उल्हासनगरचा इतिहास निराळा. फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे लाखभर निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत राहिले, आणि 1949 साली त्या वसाहतीस हे नाव मिळाले. येथे दुकान आधी आले, महाविद्यालय मागाहून: तलरेजा 1961 साली, चांदीबाई 1965 साली. पदवी घेऊन घरी परतलेल्या मुलाला निदान वडिलांच्या गल्ल्यावर बसता येई. शेजारचे अंबरनाथ मात्र कारखान्यांचे गाव. विमकोच्या आगपेट्या, पुढे सरकारी आयुध कारखाना. तेथे ‘पर्मनंट’ या शब्दास सोन्याचे मोल आले, आणि ज्याला भोंगा नाही तो रिकामा ठरला.

बदलापुराकडे तर लोक लोकलच्या भरवशावर घर घेऊन आले. 2001 साली लाखाच्या आत असलेली वस्ती 2011 साली पावणेदोन लाखांच्या घरात गेली. या तिन्ही गावांत आज सकाळी दोन शिकवण्या, दुपारी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, संध्याकाळी कोणाच्या दुकानाचा हिशेब किंवा विम्याची एजन्सी, असा दिवस काढणारे पदवीधर घरोघर भेटतात. सरकारी पाहणीच्या साप्ताहिक गणनेत आठवड्यातून एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. तोच तरुण, शेजारच्या काकूंनी “सध्या काय करतोस रे?” असे विचारले की, “काही नाही,” म्हणतो.

मला दोन्ही हिशेब खोटे वाटतात. तो राबतो आहे, म्हणून बेकार नव्हे. पण त्याच्या शिकवणीला आजारपणाची रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आणि लग्नाच्या बोलणीत तिचा उल्लेखही कोणी करीत नाही.