दोन टिंबे आणि एक तिरपी रेघ

माहिती तंत्रज्ञान कायदा देशात अमलात आला तो १७ ऑक्टोबर २००० रोजी. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्यावर त्याच्या ४३व्या कलमाने भरपाईची जबाबदारी टाकली. योगायोग असा की, त्याच तारखेस मायक्रोसॉफ्टने आयआयएस या आपल्या वेब सर्व्हरमधील एका भगदाडाची सूचना प्रसिद्ध केली.

पत्त्यात दोन टिंबे व तिरपी रेघ लिहिली की संगणक एक फोल्डर वर चढतो. अशी चढाई रोखण्याची तपासणी सर्व्हरमध्ये होती. मात्र तीच रेघ युनिकोडच्या आडवळणी रूपात लिहिल्यास तपासणीला ती ओळखू येत नसे. तिचा अर्थ लावला जाई तो तपासणी उरकल्यावर. लखोटा न फोडताच आत सोडणारा दारवान म्हणावा तसे हे. गंमत म्हणजे, ऑगस्टमध्ये वेगळ्याच दोषासाठी दिलेल्या दुरुस्तीने हेही भगदाड बुजत होते. तरीही सप्टेंबर २००१ मध्ये 'निमडा' हा किडा जगभर पसरला, त्याच्या वाटांपैकी ही एक होती. दुरुस्तीचा त्रास एकाने सोसायचा व हानी भलत्याने, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास नवे नाही.

दिल्लीत जानेवारी २००४ मध्ये सर्ट-इन स्थापन झाली. तिच्या यादीवरील लेखापरीक्षकांकडून शासकीय संकेतस्थळे तपासून घेण्याची पद्धत पुढे रुळली. हे लेखापरीक्षण हिशेबाचे नव्हे, हे आमच्या लेखा शाखेस समजावण्यातच एक आठवडा गेला!

अशाच एका संकेतस्थळाच्या नस्तीवर 'सुरक्षेची सर्व व्यवस्था केली आहे' अशी टिप्पणी मी स्वाक्षरीनिशी लिहिली होती. उद्घाटनाची तारीखही ठरली होती. तपासणीस आलेल्या तरुणाने लॉगिन न करताच पत्त्याचा शेवटचा भाग खोडला; पडद्यावर फोल्डरची यादी आली, आणि तीत निवृत्तिवेतनाचे अर्ज, बँक खात्यांच्या क्रमांकांसह. कुलूप होते, पण ते केवळ पुढच्या दाराला. टिप्पणी लिहिताना दार ढकलून पाहण्याचे मला सुचले नव्हते.

उद्घाटन तीन आठवडे लांबले. वरिष्ठांचे बोल मी निमूट ऐकले. दुसऱ्या तपासणीत तो तरुण आधी अनोळखी म्हणून, मग साध्या लिपिकाच्या नावाने, मग टिंबे व रेघा नाना रूपांत लिहून त्या फोल्डरवर धडकत राहिला. प्रत्येक वेळी सर्व्हरने नकार दिला, आणि नकाराची नोंदही झाली. त्या नोंदींची पाने नस्तीस जोडून मी नवी टिप्पणी लिहिली. जुनी तशीच खाली राहू दिली.