पोटापाण्याचं काय?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड... उपनगरातल्या कुठल्याही चाळीत मुलगा कबड्डीत रमला, की घरून पहिला प्रश्न येतो, "पोटापाण्याचं काय?" हसू नका मंडळी, याच प्रश्नावरून इंग्लंडात एक अख्खा खेळ फुटला होता!

तिकडच्या उत्तरेतले रग्बीपटू खाणीत नाहीतर गिरणीत राबणारे. सामन्याला गेलं की मजुरी बुडायची. ती भरून द्या, एवढंच त्यांच्या क्लबांचं म्हणणं. पण खेळात पैसा आला की खेळ बाटतो, असं लंडनच्या साहेबांचं मत. (त्यांची मजुरी कुठे बुडत होती म्हणा!) शेवटी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसेक क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे रग्बी लीग झाली. गंमत म्हणजे १८९८ मध्ये त्यांनी उघडपणे पैसे द्यायला परवानगी दिली, पण अट घातली की खेळाडूला दुसरा कामधंदा हवाच.

आपली कबड्डी या कारणावरून फुटली नाही. आपण उत्तर काढलं ते नोकरीचं. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या यांनी खेळाडू घेतले, संघ बांधले. चढाई चांगली, म्हणून महिन्याचा पगार पक्का!

मग २६ जुलै २०१४ ला वरळीत प्रो कबड्डी सुरू झाली आणि बोली लागायला लागली. आपल्या मुंबईचा रिशांक देवाडिगा बघा. भारत पेट्रोलियमच्या संघातला हा चढाईपटू यू मुंबाकडून खेळला. २०१५ मध्ये त्या संघाने विजेतेपद मिळवलं. २०१७ मध्ये यूपी योद्धाकडून त्याने जयपूरविरुद्ध एकाच सामन्यात चढाईचे २८ गुण घेतले. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवून ११ वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. त्याच वर्षी लिलावात त्याची किंमत १ कोटी ११ लाख झाली.

आणि त्याच ऑगस्टमध्ये जकार्ताला भारत उपांत्य फेरीत इराणकडून हरला. १९९० पासून पुरुषांचं सुवर्ण कधी हुकलं नव्हतं. त्या संघात रिशांकही होता. आठ महिन्यांत एवढं चढणं-उतरणं!

म्हणून वाटतं, आई विचारते ते चुकीचं नाही. बोली हंगामापुरती असते. एका पकडीत गुडघा गेला, की पुढच्या लिलावात नाव येईलच असं नाही. आणि पगार देणाऱ्या संस्था तरी कुठे कायमच्या? कबड्डीपटूंना नोकऱ्या देणारी देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली.

असो. पोराला खेळू द्याच. फक्त १८९८ ची ती अट त्याच्या कानावर घालून ठेवा.