तारायंत्र, सरकार आणि खाजगी बोलणें

मोहोरबंद पत्र आणि तार यांत जो भेद आहे, तो केवळ वेगाचा आहे असें आपण समजतों. परंतु राज्यशास्त्राच्या दृष्टीनें खरा भेद निराळाच आहे. पत्र कोणी वाटेंत फोडलें तर लाखेवर खूण राहते, आणि फोडणारास चोरी केल्याची जाणीव तरी असते. तारेचा मजकूर मात्र तारमास्तरानें वाचल्यावांचून पुढें जातच नाहीं. तारेचा उपयोग करणारा मनुष्य आपलें गुपित प्रथम सरकारी नोकराच्या हातीं देतो व मग तें इष्टमित्रांकडे पोंचतें. टेलिफोन आल्यावर तर खूणही उरली नाहीं.

आपल्या देशांत हें यंत्र पहिल्यापासून सरकारचें म्हणूनच आलें. डॉ. विल्यम ओ'शॉनेसी यांनीं 1851 सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार चालू केली, आणि 1854 च्या कायद्यानें तारा उभारण्याचा अनन्य अधिकार ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्याकडे घेतला. तीनच वर्षांनीं 1857 चा उठाव झाला. दिल्लीहून अंबाल्यास गेलेल्या तारेनें पंजाबांतील अधिकारी वेळीच सावध झाले, आणि उठाववाल्यांनींही जेथें जमेल तेथें तारा तोडल्या. उभय पक्षांस तारेची किंमत कळली होती. राज्यकर्त्यांच्या ती कायमची लक्षांत राहिली, इतकेंच.

1885 चा तारायंत्राचा कायदा याच अनुभवाच्या छायेंत वाचावा लागतो. त्याचें पांचवें कलम सरकारास दोन प्रसंगीं तारा ताब्यांत घेण्याची व मजकूर अडविण्याची मुभा देतें: सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असतां, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं. येथवर कोणत्याही राज्यास असा अधिकार लागेल हें आम्ही मान्य करूं. पण मूळ कलमांत पुढें असें होतें कीं, आणीबाणी होती कीं नाहीं अशी शंका निघाल्यास सरकारच्या सचिवाच्या सहीचा दाखला हाच निर्णायक पुरावा समजावा. म्हणजे आरोप ज्याच्यावर, दाखला त्याचाच! त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबईस राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें. तिला पुढें ज्या सत्तेशीं झगडावें लागलें, तिच्या हातीं हें हत्यार आधींच आलेलें होतें. शिवाय कायद्यानें 'तार' या शब्दाच्या व्याख्येंतच टेलिफोनचाही समावेश केला होता. पुढें कित्येक पिढ्यांच्या बोलण्यावर हें एक कलम लागू राहिलें, याचें मूळ त्या व्याख्येंत आहे.

अमेरिकेंत हाच प्रश्न 1928 सालीं ओल्मस्टेड खटल्यांत निघाला. पोलिसांनीं घरांत पाऊल न टाकतां बाहेरच्या तारेवर कान लावला. तेव्हां ही झडती नव्हे, असें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरलें. अल्पमतांतील न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनीं मात्र ओळखलें कीं, यंत्र बदललें तर हक्काची भाषाही वाढवावी लागेल. तेथील न्यायालयास तें पटावयास 1967 सालचा कॅट्झ खटला यावा लागला.

आपल्याकडे तर हक्काची भाषाच अपुरी राहिली होती. 1947 सालीं मूलभूत हक्कांची चर्चा चालू असतां कन्हय्यालाल मुनशी यांच्या मसुद्यांत पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क होता, डॉ. आंबेडकरांनीं आपल्या निवेदनांत अवाजवी झडतीपासून घर व कागदपत्रें सुरक्षित असावीं असें कलम सुचविलें होतें. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आदि विद्वानांस गुन्ह्यांच्या तपासाची चिंता वाटली, आणि दोन्ही कलमें गळालीं. या गळण्याचा परिणाम दीर्घकाळ टिकला. 1954 सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनीं, घटनाकारांनीं असा हक्क लिहिला नाहीं म्हणून आम्ही तो घटनेंत घालूं शकत नाहीं, असें म्हटलें. मुंबईच्या कॉरोनरवरील मलकानी खटल्यांतही टेलिफोनवरील ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य ठरलें. तेथें बोलणाऱ्या दोघांपैकीं एकाची संमति होती, हा भेद मात्र विसरूं नये.

1972 च्या दुरुस्तीनें कारणें लेखी नोंदविण्याचें बंधन आलें. खरें वळण मात्र 18 डिसेंबर 1996 रोजीं आलें. पुढाऱ्यांचे टेलिफोन ऐकले जातात, या गवगव्यांतून निघालेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, आणीबाणी ही सामान्य सुज्ञ मनुष्यास दिसेल अशी असली पाहिजे. ती सचिवाच्या मनांतली गुप्त गोष्ट नव्हे. हुकूम गृहसचिवानेंच द्यावा, तो दोन महिने चालावा, आणि कसाही वाढविला तरी सहा महिन्यांपलीकडे जाऊं नये. याच निकालाच्या आधारें 2019 सालीं मुंबई उच्च न्यायालयानें एका लाचलुचपतीच्या प्रकरणांतील तीन हुकूम रद्द केले व ध्वनिमुद्रणें नष्ट करावयास सांगितलें: आर्थिक गुन्ह्याचा संशय ही सार्वजनिक आणीबाणी नव्हे. दरम्यान 2017 सालीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवून 1954 चें तें मत दूर सारलें.

इतकें झालें, तरी एक गोष्ट आम्हांस खटकते. 1996 सालीं न्यायालयापुढें अशी मागणी होती कीं, कान लावण्यापूर्वीं न्यायाधीशाची परवानगी घ्यावी. न्यायालयानें ती मानली नाहीं; कायद्यांत तशी तरतूद नाहीं, हें कारण दिलें. त्याऐवजीं फेरतपासणी-समिति नेमण्यास सांगितलें. ज्याच्यावर पाळत असते त्यास ती समिति बसली हेंही कळत नाहीं, मग तो दाद कशी मागणार? 

तारेची सेवा 2013 च्या जुलैंत बंद झाली. 1885 च्या कायद्याची जागा घेण्यासाठीं 2023 चा दूरसंचार कायदा झाला, व त्याचें विसावें कलम 26 जून 2024 पासून अंमलांत आलें. त्यांतही सार्वजनिक आणीबाणी व सार्वजनिक सुरक्षितता हेच दोन शब्द आहेत. 1996 च्या निकालानें केंद्रासाठीं सुचविलेल्या समितींत मंत्रिमंडळाचे सचिव, विधिसचिव व दूरसंचार सचिव असे तिघे होते. न्यायाधीश कोणी नव्हता.