भोसले घाट, भूमिगत वीज आणि मितभाषी संवेदक

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. दगडी बांधकामातली भेग डोळ्यांना दिसते. विजेच्या उघड्या तारांचेही तसेच होते: जुन्या काशीच्या गल्ल्यांवर लोंबणाऱ्या जंजाळात ठिणगी उडाली, तर ती गल्लीभर दिसे. एकात्मिक वीज विकास योजनेखाली २०१७ पर्यंत सुमारे १६ चौरस किलोमीटर भागातील तारा जमिनीखाली गेल्या. आकाश मोकळे झाले. दोष मात्र दृष्टीआड गेला. केबलचा सांधा आतल्या आत तापू लागला, तर सांगणार कोण?

कारखान्यांपुढे हा प्रश्न आधीपासून होता. रोहित्रावर किंवा मोटारीवर तापमापक बसवणे सोपे. तिथवर संदेशाची तार ओढणेच खर्चिक. बिनतारी करावे, तर बॅटरी संपते.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस बर्कले येथे क्रिस्टोफर पिस्टर यांनी ‘स्मार्ट डस्ट’ प्रकल्पात घन मिलिमीटरभर संवेदकाचे स्वप्न पाहिले. एवढ्याशा जिवाला आकडेमोड परवडते, रेडिओवर बोलणे महाग पडते. नुसते ऐकत बसणेही स्वस्त नाही. २००० साली एमआयटीतील वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी ‘लीच’ ही पद्धत मांडली: संवेदकांनी गट करावेत, गटातील एकानेच सर्वांची माहिती आटोपशीर करून दूर धाडावी आणि पालखीचा खांदा बदलावा तसा हा भार पाळीपाळीने वाहावा. २००७च्या ‘वायरलेसहार्ट’ मानकाने उद्योगांना वेळापत्रक दिले; ठरल्या क्षणी जागे व्हावे, बोलावे, पुन्हा झोपावे.

तरीही शेकडो अँपियर प्रवाहाला चिकटलेला संवेदक बॅटरीअभावी मरावा, हे विचित्रच. म्हणून वाहकाभोवती लोहगाभ्याचे छोटे वेटोळे बसवून त्याच्याच चुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा घेऊ लागले. यातही अडचण आहे. तीन गाभ्यांच्या केबलभोवती तिन्ही फेजची क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. वेटोळे एकेका गाभ्यावरच, म्हणजे केबलच्या टोकाशी किंवा सांध्यापाशी, बसवावे लागते. शिवाय गंगाकाठच्या ओल्या मातीतून रेडिओलहरी फार दूर जात नाहीत. अँटेना जमिनीवरच्या पेटीत हवा.

आणि वीज गेली की संवेदकाचा हा पुरवठाही थांबतो, नेमका बातमी द्यायच्या क्षणी. त्यासाठी सुपरकपॅसिटरमध्ये एका शेवटच्या संदेशापुरती ऊर्जा आधीच राखून ठेवावी लागते.