सुरत : व्यापाराची दोन दप्तरे

जागतिकीकरण १९९१ साली आपल्या दारी आले, असे म्हणण्याचा प्रघात आहे. सुरतेचा इतिहास चाळताना मला हे विधान अपुरे वाटते. सतराव्या शतकात या तापीकाठी इंग्रज व डच यांच्या वखारी होत्या, आणि वीरजी व्होरांसारख्या सावकाराकडून ईस्ट इंडिया कंपनी कर्ज घेत असे. पत सुरतेची होती. म्हणून शब्दही सुरतेचा होता. १६८७ मध्ये कंपनीने मुख्य ठाणे मुंबईस हलविले आणि सूत्रे हळूहळू हातची गेली.

विसाव्या शतकात हिऱ्याने सुरतेस पुन्हा जगाशी जोडले. कच्चा माल परदेशातून येतो, पैलू पडल्यावर परदेशी जातो, मागणीही तेथलीच. २००८ साली अमेरिकेतील बँका कोसळल्या, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर येथील अनेक कारखाने उघडलेच नाहीत. नगावर मजुरी घेणारे हजारो रत्नकलाकार सौराष्ट्रातील आपल्या गावी परतले. अनेकांजवळ नेमणुकीचा कागदही नव्हता.

व्यापार नको, असे मी म्हणणार नाही. व्यापारानेच हे शहर घडविले. परंतु नफा वर चढतो आणि तोटा मात्र घंटीपाशी बसलेल्या माणसावर उतरतो, हा निसर्गनियम नव्हे. शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीत व्यापाऱ्यांचे काय गेले, हे वखारीच्या दप्तरांत सापडते. २००८ मध्ये ज्यांचे काम गेले, त्यांची नोंद उद्याच्या अभ्यासकाने कोणत्या दप्तरात शोधावी?