ग्रेहॉकची देणी

गेल्या महिन्यात माळा आवरत होतो. (इंग्लंडात घराला माळा असतो आणि तो वर्षातून एकदा आवरायचाच असतो, हे आमच्या सौ.चं मत. माझं मत कोणी विचारलं नाही.) जुन्या बुटांच्या खोक्याखाली एक निळी फाइल निघाली. आत साठ-सत्तर कागद. प्रत्येक कागदावर एका माणसाच्या आयुष्यातल्या आठवड्या-दोन आठवड्यांचा हिशेब: किती मोहरा मिळाल्या, किती खर्च झाल्या, कोणाचे उपकार डोक्यावर आले. खाली सही. तो माणूस खरा नव्हता. सह्या मात्र खऱ्या माणसांच्या होत्या.

हे कागद कसले हे सांगायचं तर आधी एका खेळाचा इतिहास सांगावा लागेल. तिकडे आता पुण्या-मुंबईतही हा खेळ खेळणारी पोरं आहेत असं भाच्याकडून कळतं, पण माझ्या वयाच्या वाचकांना तो ठाऊक असण्याचं कारण नाही.

तुम्ही कोकणात दशावतार पाहिला असेल तर अर्धं काम झालं. आख्यान ठरलेलं, सोंगं ठरलेली, पण संवाद लिहिलेले नसतात. समोरचा काय बोलतो ते ऐकून नट जागच्या जागी उत्तर देतो. आता कल्पना करा की रंगमंच नाही, कपडेपट नाही, फक्त एक टेबल आणि भोवती पाच-सहा माणसं. एक जण सूत्रधार. बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राच्या वतीने बोलतात: मी दार उघडतो, मी पहारेकऱ्याला लाच देतो, मी पळतो. जमलं की नाही ते फासे ठरवतात. दशावतारात शेवटी संकासुर मरणार हे सगळ्यांना माहीत असतं. इथे शेवट सूत्रधारालाही माहीत नसतो. आणि रात्री बारा वाजता खेळ थांबला तरी गोष्ट थांबत नाही. पुढच्या आठवड्यात तिथूनच पुढे. अशी गोष्ट महिनोन् महिने, वर्षानुवर्षं चालते. तिला म्हणतात कॅम्पेन, म्हणजे मोहीम.

याचं मूळ शोधत गेलं तर आपण चक्क आपल्या चतुरंगापाशी पोचतो. चतुरंगाचं बुद्धिबळ झालं, अठराव्या शतकात जर्मन मंडळींनी त्याचा पट वाढवून त्यावर डोंगर-नद्या आणल्या, आणि १८२४ साली राइसविट्झ नावाच्या प्रशियन लेफ्टनंटने लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळाचे नियम छापले. त्यात दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच असे. सूत्रधाराचा पूर्वज तो.

मग दीडशे वर्षांनी अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्ह वेस्ली याने एका युद्धखेळात सैन्याच्या तुकड्यांऐवजी खेळाडूंना एकेक माणूस दिला. कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यार्थी. त्याचा मित्र डेव्ह आर्नेसन याने ही कल्पना उचलून ब्लॅकमूर नावाचं एक अद्भुत राज्य उभं केलं. १९७२ च्या अखेरीस त्याने तो खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्सला खेळून दाखवला. गायगॅक्सची विम्याच्या कंपनीतली नोकरी १९७० मध्ये गेली होती आणि तो घरी चपला-बूट दुरुस्त करून संसार ढकलत होता. त्याने लगेच स्वतःचा एक किल्ला आखला, त्याखाली भुयारं आखली, आणि पहिले खेळाडू म्हणून आपल्याच मुलांना बसवलं. त्या किल्ल्याचं आणि शेजारच्या शहराचं नाव ग्रेहॉक. १९७४ साली या दोघांच्या नावाने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची पहिली आवृत्ती निघाली: हजार प्रती, हाताने भरलेले खोके, किंमत दहा डॉलर. पुढचं सगळं त्यातून आलं.

पण गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की ज्याने ग्रेहॉक उभं केलं त्यालाच ते पुरं करता आलं नाही. एका देवळाच्या प्रसिद्ध कथेचा पहिला भाग त्याने १९७९ मध्ये छापला. पुढचा भाग येतो येतो म्हणत सहा वर्षं गेली. शेवटी १९८५ मध्ये ते पुस्तक फ्रँक मेंट्झरने पुरं केलं. त्याच वर्षी कंपनीतल्या भांडणात गायगॅक्सच्या हातून सत्ता गेली आणि १९८६ मध्ये तो बाहेर पडला. ग्रेहॉक कंपनीकडे राहिलं. इतकं की पुढे २००५ मध्ये, वयाच्या साठीनंतर, तो आपला मूळ किल्ला छापायला बसला तेव्हा त्याला ग्रेहॉक हे नावही वापरता येईना. त्याने स्वतःच्या आडनावाची उलटापालट करून 'कॅसल झॅगिग' असं नाव दिलं.

इकडे कंपनीचंही ग्रेहॉककडे लक्ष कधी असे, कधी नसे. १९९३ नंतर तिने ग्रेहॉकची पुस्तकं काढणं थांबवलं. एका पुस्तकाचं हस्तलिखित तर पूर्ण तयार असून छापलं गेलं नाही. शेवटी ते फुकट वाटलं गेलं. त्या उपासमारीच्या काळात चाहत्यांनी १९९५ पासून स्वतःचं नियतकालिक चालवलं, नकाशे काढले, वंशावळी लावल्या. १९९७ मध्ये कंपनी कर्जात बुडाली आणि विझर्ड्‌स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली. २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती आली, आणि तिच्याबरोबर एक अचाट प्रयोग आला. त्याचं नाव 'लिव्हिंग ग्रेहॉक'.

प्रयोग असा. ग्रेहॉकच्या नकाशावर तीसहून अधिक प्रांत पाडायचे आणि प्रत्येक प्रांत खऱ्या पृथ्वीच्या एकेका भागाला वाटून द्यायचा. डोंगराळ पेरनलँड ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला. डलस्ट्रँड दक्षिण आफ्रिकेला. नेअरी स्वीडन-नॉर्वेकडच्या मंडळींना. आणि ऑनवॉल नावाचं, समुद्रात घुसलेलं एक द्वीपकल्प ब्रिटनला. त्या त्या प्रांताच्या कथा त्या त्या भागातल्या लोकांनीच लिहायच्या, आणि साधारणपणे त्या भागात प्रत्यक्ष हजर राहूनच खेळायच्या. म्हणजे पेरनलँडची गोष्ट अनुभवायची तर विमानाचं तिकीट काढून सिडनी-मेलबर्नकडे जायचं! लोक जात. सुट्ट्या त्याप्रमाणे आखत.

प्रत्येक प्रांतावर तीन स्वयंसेवकांचं मंडळ असे, त्याला ट्रायड म्हणत. तीस प्रांत धरले तरी नव्वद माणसं. त्यांच्याभोवती लेखक, तपासनीस, सूत्रधार. प्रांतातल्या कामाला पगार नाही. आपल्याकडे गणपतीचं मंडळ चालतं तसं, फक्त हा गणपती आठ वर्षं विसर्जनाशिवाय बसलेला. दहा हजारांहून अधिक खेळाडू आणि हजाराहून अधिक कथा, एवढा पसारा शेवटी झाला.

खेळात काळाचाही हिशेब होता. बाहेर एक वर्ष गेलं की आत एक वर्ष. प्रत्येक पात्राला वर्षाला बावन्न आठवडे. आपल्या प्रांतात एक कथा खेळली की एक आठवडा खर्च, परप्रांतात दोन. माझ्या फायलीतले कागद म्हणजे हेच. प्रत्येक कथेअखेर सूत्रधार एक पत्रक भरून सही करी, आणि पात्र कुठल्याही देशातल्या टेबलावर गेलं तरी ते पत्रक पुरावा म्हणून चाले. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक कथेच्या शेवटी चार-पाच प्रश्न असत: राजदूत वाचला का? पूल कोणी जाळला? ठिकठिकाणच्या टेबलांवरून उत्तरं ट्रायडकडे येत, आणि बहुसंख्य टेबलांवर जे घडलं ते पुढच्या कथेत इतिहास म्हणून येई.

मी यात २००४ मध्ये पडलो. हापिसातल्या एका सहकाऱ्याने पबच्या वरच्या खोलीत नेलं. (मी बिअर पीत नाही हे कळल्यावर मला कायमचा ड्रायव्हर करण्यात आलं.) नव्या देशात पहिल्या वर्षी हवामानाखेरीज कोणत्याही विषयावर माझ्याशी सलग चार तास बोलणारी माणसं मला त्या खोलीत भेटली. आमचं ऑनवॉल त्या वेळी परचक्राखाली होतं. स्कार्लेट ब्रदरहुड नावाच्या परकीयांनी ते गिळलं होतं, मग बंड झालं, बराच मुलूख सुटला, पण प्रयोग सुरू झाला तेव्हा राजधानी स्कँट शत्रूच्याच हातात होती. डोंगरातून निघायचं, रसद मारायची, पसार व्हायचं. टेबलावरच्या इंग्रजांना हे नवीन होतं. मला चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकामुळे नव्हतं.

वर्षभराने मी आकडे तपासायला लागलो. कथा एकच, पण ती नवख्या पात्रांना आणि मुरलेल्या पात्रांना, दोघांनाही खेळता यावी म्हणून प्रत्येक लढाई चार-पाच वेगवेगळ्या ताकदींसाठी लिहावी लागे. त्या कोष्टकांत चुका राहत. इंजिनियर माणसाला दुसरं काय येतं?

ऑगस्ट २००७ मध्ये इंडियानापोलिसच्या जेन कॉन मेळाव्यात खेळाची चौथी आवृत्ती जाहीर झाली. नियम मुळापासून बदलणार होते. जुनी पात्रं नव्या नियमांत बसणार नव्हती, आणि नवा जागतिक प्रयोग ग्रेहॉकमध्ये नव्हे तर दुसऱ्याच एका जगात होणार होता. लिव्हिंग ग्रेहॉक २००८ मध्ये संपवायचं ठरलं.

त्या दिवसांत मंडळी चिडली होती, ते स्वाभाविकच होतं. कथा ज्यांनी लिहिल्या त्यांच्या त्या नव्हत्या. पहिल्या पानावर हक्क कंपनीचे छापलेले असत, आणि प्रयोग संपल्यावर त्या अधिकृतपणे मिळणं बंद होणार होतं. फुकट राबायचं, वर मुदतही दुसऱ्याने ठरवायची. मलाही तेव्हा वाटलं, जाऊ दे, आहे तिथे सोडून द्यावं. पण आज तटस्थपणे पाहिलं तर मला वाटतं की त्या मुदतीनेच लिव्हिंग ग्रेहॉकला शेवट मिळाला. अशा बहुतेक मोहिमा संपत नाहीत, नुसत्या विरतात. कोणाची बदली होते, कोणाला मूल होतं, एका शुक्रवारी दोघेच येतात आणि पुढच्या शुक्रवारी कोणीच नाही. माझ्या माहितीतल्या दहापैकी नऊ अशाच गेल्या.

तेव्हा शेवटच्या वर्षात काय करायचं? मोठा शेवट लिहिणं त्यामानाने सोपं होतं. लढाई, राजधानी, तुताऱ्या. अवघड होती ती बारीक देणी. आठ वर्षांत त्या पत्रकांवर शेकडो वचनं लिहून ठेवली गेली होती. अमुक सरदार तुझे उपकार विसरणार नाही. तमुक मठ तुला एकदा मदत करील. एखाद्याने २००२ मध्ये मिळालेलं असं वचन जपून ठेवलेलं असे, योग्य वेळ येईल म्हणून. आता वेळच उरली नव्हती. आमच्या टेबलावर एक निवृत्त पोस्टमन यायचा. त्याच्या पात्राला एका गावच्या लोकांनी घर बांधून द्यायचं कबूल केलं होतं. ते गाव पुढच्या कथांत पुन्हा आलंच नाही. तो कधी तक्रार करत नसे, पण प्रत्येक नवी कथा सुरू होताना विचारी, "वाटेत ते गाव लागतं का?"

शेवटच्या कथा लिहिल्या जात होत्या तेव्हा मी जुनी पत्रकं गोळा करून एक तक्ता केला: कोणी, कधी, काय देऊ केलं, आणि ते दिलं गेलं का. दोनशेच्या वर ओळी झाल्या. लिहिणाऱ्यांनी त्यातल्या जितक्या जमतील तितक्या शेवटच्या कथांत शिरवल्या. कुठे एका वाक्यात, कुठे एखाद्या पात्राच्या तोंडी. सगळ्या नाही जमल्या. ते गाव आलं. पोस्टमनने नकाशावर घराची जागा दाखवली, आणि खिडकी कोणत्या बाजूला हवी यावर टेबलाची वीस मिनिटं गेली. सूत्रधाराने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

त्याच धावपळीत ४ मार्च २००८ ला गायगॅक्स लेक जिनिव्हात गेला. वय ६९. कॅसल झॅगिगचा किल्ल्याचा पहिला खोका त्याच वर्षी त्याच्या मागे बाजारात आला, आणि भुयारांचे पुढचे भाग आलेच नाहीत. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आर्नेसनही गेला. मालकाचा किल्ला अर्धा राहिला, आणि त्याच्या भोवतीचे प्रांत ज्यांना तो ओळखतही नव्हता अशा माणसांनी, इंग्लंडातल्या पबच्या माडीवर बसून, पुरे केले.

२०२४ मध्ये खेळाला पन्नास वर्षं झाली आणि सूत्रधारासाठीच्या नव्या पुस्तकात नमुन्याचं जग म्हणून पुन्हा ग्रेहॉक आलं, नव्या नकाशासह. मी ते घेतलं. पण त्यातला काळ मागचा आहे. आमच्या आठ वर्षांत जे घडलं, ते त्यात अजून घडायचं आहे.

फाइल परत माळ्यावर ठेवली. ठेवण्यापूर्वी शेवटचं पत्रक पाहिलं. माझ्या पात्राचे २००८ सालचे अकरा आठवडे शिल्लक आहेत.