रानस्ट्रॉबेरीची साक्ष

पाचगणीच्या बाजूला स्ट्रॉबेरीची मातृरोपं उतरली की कुणी ना कुणी शेतकरी मला विचारतोच, "मॅडम, रोप निरोगी आहे ना?" पान हिरवंगार, मुळं पांढरीशुभ्र, मग शंका कशाला? शंका एवढ्यासाठी, की बागायती वाणात एखादाच विषाणू शिरला तर पानावर बहुधा काहीच उमटत नाही. दोन-तीन एकत्र आले की झाड खुरटतं, फळ बारीक होतं. त्यात स्ट्रॉबेरीची लागवड रनरपासून, म्हणजे आईझाडाच्या जमिनीवर सरपटणाऱ्या फुटव्यापासून. आईचा रोग लेकीकडे जातो आणि शेतात मावा तो पसरवत राहतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधले बागाइतदार याच संकटात होते. 'रॉयल सॉव्हरिन' ही नावाजलेली जात खालावत चालली होती. केंटमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात आर. व्ही. हॅरिस या रोगांच्या मागे लागले होते. हॅरिस आणि किंग यांनी 1942 मध्ये रानस्ट्रॉबेरीला साक्षीला उभं केलं. बागेतली स्ट्रॉबेरी विषाणू पोटात ठेवून हसत राहते. रानातल्या बारक्या फळाच्या जातीला तो सोसत नाही. संशयित झाडाशी तिचं कलम केलं की तिची नवी पानं पिवळी पडतात, सुरकुततात.

रनरला रनर जोडून कलम करणं वेळखाऊ होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रॉइस ब्रिंगहर्स्ट आणि व्हिक्टर वोथ यांनी 1956 मध्ये सोपी वाट दाखवली. रानस्ट्रॉबेरीच्या त्रिदलातलं मधलं दल काढायचं, देठाला चीर द्यायची आणि संशयित झाडाचं मधलं दल पाचरीसारखं तासून तिथे बसवायचं. झाड दमट हवेत ठेवून पुढचे काही आठवडे नव्या पानांवर नजर ठेवायची. याच जोडीने काढलेला 'चँडलर' वाण पुढे महाबळेश्वरच्या वाफ्यांत पोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

1977 मध्ये ईस्ट मॉलिंगच्याच क्लार्क आणि ॲडम्स यांनी एलायझा ही प्रतिपिंडांची चाचणी वनस्पतींच्या विषाणूंसाठी वापरात आणली. पानाचा रस प्लेटच्या खळग्यात घालायचा. विषाणू असेल तर पिवळा रंग येतो. मात्र स्ट्रॉबेरीच्या पानात विषाणू थोडा आणि फेनॉलवर्गीय द्रव्यं फार, त्यामुळे हे पीक प्रयोगशाळेला नेहमीच जड गेलं. नंतर आलेल्या पीसीआर या जनुकीय चाचणीने अगदी थोडा विषाणूही सापडू लागला, पण त्या द्रव्यांनी तिथेही अडथळा आणलाच.

शिवाय एलायझा काय, पीसीआर काय, ज्या विषाणूसाठी चाचणी बांधली तेवढाच शोधते. रानस्ट्रॉबेरीला विषाणूचं नाव ठाऊक असावं लागत नाही. अनोळखी आला तरी ती आजारी पडू शकते. म्हणून यंत्रं आली तरी तिची गरज संपलेली नाही.

माझं शेतकऱ्यांना कळकळीचं सांगणं आहे: रोप घेताना पानाच्या तजेल्यावर जाऊ नका. त्याच्या आईची तपासणी कोणत्या विषाणूंसाठी, कोणत्या पद्धतीने आणि कधी झाली, हे लेखी मागा. ते मागणं हा तुमचा हक्क आहे.